भान आहे की नाही हे ठरवायचं कोणी? स्किझोफ्रेनियातल्या निर्णयांची पार्श्वभूमी

मानकापूरच्या बाजूला जायचं असलं की नागपुरात लोक अजूनही सर्रास 'पागलखाना चौक' म्हणतात. माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार आहे, चौदा वर्षं झाली, आणि त्याच्यासोबत ऑटोत बसून हे नाव ऐकलं की दरवेळी आत कुठंतरी लागतं. पण त्या नावामागचा प्रश्न आमच्या घरात दर महिन्याला गोळ्यांच्या वेळी उठतोच, की याला स्वतःच्या आजाराचं भान आहे का, आणि नसेल तर याचे निर्णय कोणी घ्यायचे.

इथलं मनोरुग्णालय १८६४ चं. त्याच्या सहा वर्षं आधी, १८५८ मध्ये, इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायदा केला, मग १९१२ चा ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेडेपणाचा कायदा आला. या कायद्यांना मुख्य प्रश्न एकच पडायचा, माणूस शहाणा की वेडा. डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटची ऑर्डर झाली की माणूस आत, त्याला स्वतःला काय वाटतं हे विचारायला जागाच नव्हती.

नागपूरकरांना याचं उदाहरण बाहेर शोधावं लागत नाही. सूफी संत ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये कामठीहून याच पागलखान्यात आणलं गेलं आणि ते तिथं सोळा वर्षं होते. लोक तिथंच त्यांच्या दर्शनाला यायला लागले, शेवटी १९०८ मध्ये राजे रघुजी भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याला नेलं. बाबांना कुठला आजार होता असं मला अजिबात म्हणायचं नाही, आमची आजी दर गुरुवारी ताजबागला, त्यांच्या दर्ग्यावर जायची. मला दिसतं ते एवढंच की आत टाकणारे दुसरे आणि बाहेर काढणारेही दुसरेच.

योगायोग असा की त्याच १९०८ मध्ये तिकडं ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरनं 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द पहिल्यांदा मांडला. त्याआधी जर्मनीतले क्रेपेलिन याला 'डिमेन्शिया प्रिकॉक्स' म्हणायचे, म्हणजे तरुणपणीच बुद्धी ढासळणं. ब्लॉयलरला दिसलं ते वेगळं होतं, की पेशंट स्वतःला राजा समजतो आणि तरी वॉर्डात मुकाट्यानं काम करतो, म्हणजे दोन्ही वास्तवं डोक्यात एकाच वेळी चालू असतात. याला त्यानं दुहेरी हिशेबवही म्हटलं. हे वाचलं तेव्हा मला दादाच डोळ्यासमोर आला, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवून राह्यले असं तो सांगतो आणि त्याच शेजाऱ्यांकडं दुधाचे पैसेही नेऊन देतो.

भान नसणं हे लक्षण म्हणून किती ठळक आहे ते १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात आलं. नऊ देशांतल्या त्या अभ्यासात आपलं आग्राही होतं, आणि स्किझोफ्रेनियात सगळ्यात जास्त आढळलेलं लक्षण हेच निघालं, ९७ टक्के. मात्र आकडा एवढा मोठा निघाला म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजायची सवय लागली असं मला वाटतं. १९९० मध्ये लंडनच्या अँथनी डेव्हिड यांनी हे भान तीन भागांत फोडलं: आपल्याला आजार आहे हे मानणं, ऐकू येणारे आवाज वगैरे आजारातून येतात हे ओळखणं, आणि उपचार स्वीकारणं. यातलं एक असून दुसरं नसू शकतं. दादा "मला काही झालं नाही" म्हणतो आणि गोळी मात्र घेतो, कारण गोळीनं झोप लागते हे त्याला पक्कं माहीत आहे.

निर्णयाचं वेगळं. १९८८ मध्ये मण्यांचा एक प्रयोग झाला. दोन बरण्या, एकीत एका रंगाचे ८५ आणि दुसऱ्या रंगाचे १५ मणी, दुसरीत उलट, आणि एकेक मणी बघून सांगायचं की हे कुठल्या बरणीतून येतंय. भ्रम असलेले लोक इतरांपेक्षा कमी मणी बघूनच उत्तर देऊन मोकळे झाले. म्हणजे अक्कल गेली असं नाही, पुरावा गोळा करायचा थांबा लवकर येतो. १९९५ च्या अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात तर हॉस्पिटलात भरती असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांपैकी जवळपास निम्मे लोक उपचाराचा निर्णय घेण्याच्या सगळ्या चाचण्यांत पुरेसे ठीक निघाले. शिवाय २००० च्या सुमारास दिसलं की माहिती पुन्हापुन्हा, नीट समजावून दिली की समज बरीच सुधारते. आमच्याकडं तर एका ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात आली होती आणि डॉक्टर पूर्ण वेळ माझ्याशीच बोलले, दादा बाजूच्याच खुर्चीवर बसून होता.

आपल्याकडं १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ पासून लागू झाला, भाषा सुधारली, पण निर्णय घ्यायची क्षमता मोजायचा प्रश्न त्यानंही नीट हाताळला नाही. भारतानं २००७ मध्ये अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, त्यातून पुढं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २०१८ पासून लागू. यात प्रश्नच बदलला: उपचाराची माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का, किंवा तो निर्णय बोलून, खुणेनं, कसाही सांगता येतो का. आणि दुसऱ्यांना निर्णय चुकीचा वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असं धरता येत नाही. तब्येत ठीक असताना, पुढं आपल्यावर कसे उपचार व्हावेत याचे निर्देश लिहून ठेवता येतात, आपला प्रतिनिधी स्वतः निवडता येतो, फक्त तातडीच्या उपचाराला ते निर्देश लागू नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर दादानं ते लिहिलं, साध्या कागदावर, तीन दिवस लागले. भरती करायचीच झाली तर आधी मला सांगा, आणि प्रतिनिधी म्हणून माझं नाही, ताईचं नाव. मला जरा वाईट वाटलं. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाला, तू घाई करतो.