लेबलची लढाई तेलापाशी का अडते

जनुकीय बदल केलेले (जीएम) पहिले टोमॅटो विकायला आले तेव्हा त्यांच्यावर लेबल लावा म्हणून कुणाला मोर्चा काढावा लागला नव्हता. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलजीन कंपनीने 'फ्लेवर सेव्हर' टोमॅटो आणला तो नव्या तंत्राची जाहिरात करतच. १९९६ मध्ये ब्रिटनमधल्या सेन्सबरी आणि सेफवेच्या दुकानांत अशाच टोमॅटोची प्युरे आली. डब्यावर तसे स्पष्ट छापलेले होते, किंमत कमी होती आणि सुरुवातीला ती चांगली खपलीही.

गाडी बिघडली ती त्याच वर्षी, सोयाबीनमुळे. तणनाशक सोसणारे अमेरिकी सोयाबीन साध्या सोयाबीनमध्ये मिसळूनच युरोपच्या बंदरांत उतरले. टोमॅटो निदान टोमॅटो म्हणून ओळखू येतो. सोयाबीन लेसिथिन होऊन चॉकलेटमध्ये जाते, पीठ होऊन पावात आणि तेल होऊन कशातही. गिऱ्हाइकाला न विचारता माल खपवला जातोय, ही भावना तिथून पसरली. युरोपने १९९७ मध्ये लेबलचा पहिला नियम केला आणि एप्रिल २००४ पासून तो कडक केला: तयार पदार्थात बदललेले जनुक सापडो वा न सापडो, पीक जीएम असेल तर लेबल हवेच, चुकून झालेली भेसळ ०.९ टक्क्यांपर्यंत माफ. तेलालाही सूट नाही.

अमेरिकेचे धोरण याच्या उलटे होते. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्येच ठरवले होते की नवे पीक जुन्यापेक्षा गुणधर्मांत खास वेगळे नसेल तर केवळ पद्धत वेगळी म्हणून लेबल लागणार नाही. मंजुरी मिळालेले जीएम पदार्थ खाण्यास असुरक्षित असल्याचा पुरावा नाही, हे शास्त्रज्ञांचे मत आजही कायम आहे, आणि लेबलवाल्यांपैकी जे ते नाकारत राहिले त्यांनी स्वतःच्याच मागणीचे नुकसान केले असे मला वाटते. 'काय खातोय ते कळू द्या' एवढी मागणी पुरेशी होती.

केंद्र हलेना म्हणून लढा राज्यांत गेला. ओरेगॉनने २००२ मध्ये सार्वमतात लेबल फेटाळले. कॅलिफोर्नियात २०१२ च्या 'प्रपोझिशन ३७' या लेबलसक्तीच्या सार्वमत-प्रस्तावाविरुद्ध बियाणे आणि अन्न कंपन्यांनी सुमारे साडेचार कोटी डॉलर ओतले. एकट्या मॉन्सँटोचे त्यात ऐंशी लाखांच्या आसपास. हॉटेलचे जेवण, दारू, जीएम चारा खाल्लेल्या जनावरांचे मांस यांना सूट का, हा विरोधकांचा प्रश्न जाहिरातींत चालला आणि प्रस्ताव ४८.६ विरुद्ध ५१.४ टक्क्यांनी पडला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन राज्यात तेच. २०१४ मध्ये ओरेगॉनने पुन्हा मतदान घेतले; पंधरा लाख मतांत हार झाली ती अवघ्या ८३७ मतांनी.

व्हरमाँटने मात्र सार्वमताची वाट धरली नाही, थेट विधिमंडळात कायदा केला. या चिमुकल्या राज्याने आधी एकदा हात पोळून घेतले होते. हार्मोन दिलेल्या गाईंच्या दुधावर लेबल लावण्याचा त्याचा १९९४ चा कायदा कोर्टाने १९९६ मध्ये अडवला होता, कारण गिऱ्हाइकाचे नुसते कुतूहल हे सक्तीला पुरेसे कारण नाही. मे २०१४ मध्ये राज्यपाल पीटर शुमलिन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि तो १ जुलै २०१६ ला लागू झाला. लोकसंख्या जेमतेम सव्वासहा लाख, पण तेवढ्यासाठी वेगळी पाकिटे छापणे कंपन्यांना परवडेना. कॅम्पबेल सूप, जनरल मिल्स यांनी देशभराच्या मालावर लेबल लावण्याची तयारी केली.

मग वॉशिंग्टन डीसीत एकदम घाई झाली. जुलैमध्येच दोन्ही सभागृहांनी केंद्रीय कायदा मंजूर केला, २९ जुलैला ओबामांनी सही केली आणि राज्यांचे लेबल कायदे रद्द झाले. व्हरमाँटचा कायदा महिनाभरही जगला नाही. नव्या कायद्यात सक्ती आहे, पण शब्दांऐवजी क्यूआर कोडही चालतो. २०१८ च्या नियमांनी 'जीएमओ'ऐवजी 'बायोइंजिनिअर्ड' हा शब्द आणला आणि शुद्धीकरणानंतर ज्यात बदललेले जनुकद्रव्य सापडत नाही अशा तेल-साखरेला सूट दिली. २०२२ पासून हे सक्तीचे झाले. म्हणजे जीएम सोयाबीन ज्या रूपात सगळ्यात जास्त पोटात जाते, नेमके तेच सुटले.

आपल्याकडे तर जीएम तेलाचा प्रश्न परदेशातून यावा लागला नाही. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणाऱ्या जीएम कापसाला परवानगी मिळाली. आज देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे, आणि कापूस म्हणजे फक्त धागा नव्हे. जिनिंगमधून निघालेली सरकी गाळली जाते, पेंड गुरांपुढे पडते, तेल फरसाणाच्या कढईत जाते. बीटी वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवले. त्या गदारोळात सरकीच्या तेलाकडे फारसे कुणी पाहिले नाही.

नियम नाही असेही नाही. जीएम अन्नाच्या पाकिटावर दर्शनी बाजूला, अगदी वर 'जीएम' ही अक्षरे हवीत, असा वजनमापे कायद्याखालचा नियम १ जानेवारी २०१३ पासून आहे. किराणा दुकानात ती अक्षरे शोधून पाहा. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने २०१८ मध्ये ६५ नमुने तपासले, तेव्हा २१ मध्ये जीएम अंश सापडले. त्यांत सरकीचे तेलही होते. शुद्ध तेलात काही उरतच नाही, या युक्तिवादाला तो धक्काच होता.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये आणि सुधारून २०२२ मध्ये जीएम अन्नाच्या नियमांचे मसुदे काढले. त्यांत लेबलसाठी एक टक्क्याची मर्यादा आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे जीएम मोहरीच्या परवानगीवर एकमत झाले नाही. आयात होणाऱ्या जीएम खाद्यतेलाला मात्र लेबलचे कलम पाळावेच लागेल, यावर दोघेही ठाम होते. देशात गाळलेल्या सरकीच्या तेलासाठी तो आदेश नव्हता.