चिठ्ठी घरी आली, माहिती आली नाही

मतदानाची टक्केवारी जाहीर झाली की ठरलेला मथळा येतो: गोमंतकीय मतदार जागरूक. 2022च्या विधानसभेला साधारण 79 टक्के मतदान झाले. बूथवर किती जण गेले एवढेच त्यातून कळते. काय वाचून गेले ते नाही. तरी वाड्यावाड्यावर बूथ, मोबाईलवरून मत अशी कुठलीही मागणी आली की ‘मतदार सुजाण होईल’ हे शेपूट तिला चिकटलेलेच असते.

सोयीची बाजू सगळ्यांना पाठ आहे. नवे नाव घालायला फॉर्म 6, पत्ता बदलायला 8. वय 85च्या वर किंवा अपंगत्व 40 टक्के असेल तर 12डी भरून घरूनच मत, मात्र अधिसूचनेपासून पाच दिवसांत. हे सगळे हवेच. सत्तरी तालुक्यातल्या आजीला चढण चढायला लावून कोणाचे भले होत नाही.

घोळ होतो तो पुढे. बीएलओ, म्हणजे बूथची मतदारयादी सांभाळणारा कर्मचारी, घरी आणून देतो त्या मतदार चिठ्ठीवर यादीभाग, अनुक्रमांक, केंद्र, तारीख, वेळ असते. सगळे तुमच्याबद्दल, उमेदवाराबद्दल एक अक्षर नाही. (ती ओळखपत्रही नव्हे. दर वेळी कोणीतरी नुसती चिठ्ठी दाखवून पोलिंग ऑफिसरशी हुज्जत घालतोच.) मत कुठे द्यायचे हे चिठ्ठी सांगते. कोणाला, हे ठरवायला लागतो फॉर्म 26, म्हणजे उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र. ते घरी कोणी आणून देत नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून किंवा ‘नो युवर कँडिडेट’ ॲपवरून स्वतः काढावे लागते.

ते वाचायचीही रीत आहे. शेवटच्या भाग ‘ब’मध्ये गोषवारा असतो, बहुतेक जण तेवढाच बघतात आणि मालमत्तेच्या बेरजेवर घसरतात. बेरीज फुगते ती बरेचदा जमिनीचा भाव वाढल्यामुळे. म्हणून स्वतः घेतलेल्या जमिनीपुढे खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत दिलेली असते, ती आजच्या किमतीशेजारी ठेवून बघा. शेतजमिनीपुढे सर्व्हे नंबर असतो. गोव्यात माझ्या मते हाच रकाना सगळ्यात मोलाचा: नंबर घेऊन एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा काढा, आणि ऑर्चर्डचे सेटलमेंट, म्हणजे बागायती जमिनीची वस्तीयोग्य जमीन, झाले आहे का तेही तपासा. खटल्यांच्या रकान्यात नुसता आकडा मोजू नका. आरोप निश्चित झाले की प्रकरण एफआयआरवरच आहे, हे तिथे वेगळे लिहिलेले असते. आणि मागच्या निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. तेव्हाचा पक्षही त्यात दिसतो. 2019मध्ये काँग्रेसचे दहा आणि 2022मध्ये आठ आमदार भाजपमध्ये गेले, तरी ‘हा मूळचा कुठला?’ असे विचारणारे भेटतातच.

सोय वाढली की लोक आपसूक वाचू लागतील, या समजुतीला फारसा आधार नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये 2007च्या प्रांतिक निवडणुकीत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका गटाला मत दिले तरच पैसे मिळणार होते. त्या गटाची राजकारणाची माहिती दुसऱ्या गटापेक्षा म्हणण्यासारखी वाढली नाही. माणसाला केंद्रापर्यंत नेणे हे एक काम, त्याच्या हातात वाचायला काही देणे हे दुसरे. अमेरिकेतल्या ओरेगॉनला हा फरक कळला आहे: तिथे मतपत्रिका टपालाने येते आणि उमेदवारांची माहितीपुस्तिकाही घरोघर जाते. आपल्याकडे मोबाईल मतदानावर वाद घालणाऱ्यांपैकी कोणी चिठ्ठीबरोबर गोषवाऱ्याची एक प्रत द्या म्हणत नाही. मतदारसंघ सरासरी 29 हजारांचा. छपाईचा खर्च कितीसा येणार? आणि थोडक्या मतांनीही फरक पडतो: सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल 2022मध्ये 76 मतांनी लागला.

वाचायला वेळही बेताचाच असतो. 2022मध्ये अर्ज मागे घ्यायची मुदत 31 जानेवारीला संपली आणि मतदान 14 फेब्रुवारीला होते, म्हणजे अंतिम यादीनंतर चौदा दिवस. 12डीवाल्यांना त्याहून कमी, कारण त्यांचे मत आधीच नेतात. यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) लागले की मग बूथवर जाऊनही मत देता येत नाही. घरात असे कोणी असेल तर त्यांच्यासाठी प्रतिज्ञापत्रे पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा.