रेकॉर्ड आली तेव्हा बँड उरला नव्हता

मिनरल या टेक्सासच्या बँडचा दुसरा अल्बम १९९८ मध्ये दुकानांत आला, तेव्हा बँड मोडलेला होता. कॅपन जॅझ ही शिकागोच्या उपनगरांतली पोरं १९९५ मध्येच पांगली. त्यांची जवळजवळ सगळी गाणी दोन सीडींवर एकत्र मिळाली ती तीन वर्षांनी. आणि १९९९ मध्ये अमेरिकन फुटबॉल नावाच्या बँडचा पहिला अल्बम निघाला, तो निरोपाचाच ठरला. नव्वदीच्या उत्तरार्धातला इमो, म्हणजे पंक रॉकमधून निघालेलं हे हळवं संगीत, असा आहे. त्यात रेकॉर्ड ही बँडची सुरुवात नसते, बहुतेकदा मागे उरलेली वस्तू असते.

इमो म्हटलं की आपल्याकडे अजून एका डोळ्यावर आलेले केस आणि काजळ आठवतं. ती २००० नंतरची फॅशन. शब्द त्याहून बराच जुना. १९८५ च्या आसपास वॉशिंग्टनमध्ये राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडनी हार्डकोर पंकचा, म्हणजे पंकच्या जास्त वेगवान आणि आक्रमक प्रकाराचा वेग ठेवला, पण राजकीय घोषणांच्या जागी स्वतःची घालमेल आणली. या प्रकाराला कुणीतरी ‘इमोकोर’ म्हटलं, आणि ज्यांना म्हटलं त्यांनाच ते आवडलं नाही. एम्ब्रेस या बँडचे गायक इयन मॅके यांनी तर मंचावरूनच त्या शब्दाची टर उडवली. शब्द मात्र चिकटला. १९९४ मध्ये सिएटलच्या सनी डे रिअल इस्टेटचा पहिला अल्बम आला आणि हे वळण मधल्या अमेरिकेतल्या कॉलेजवयीन पोरांपर्यंत पोचलं.

ही पोरं बहुधा विद्यापीठांच्या गावांतली. अमेरिकेत दारू पिण्याचं वय एकवीस. त्यामुळे अनेक बारमध्ये त्यांना ऐकायला येणाऱ्या पोरांनाच प्रवेश नसे. मग कार्यक्रम व्हायचे भाड्याच्या घरांच्या तळघरांत, नाहीतर निवृत्त सैनिकांच्या सभागृहांत. रेकॉर्ड बहुतेकदा सात इंची. तिच्या एका बाजूला जेमतेम पाच-सहा मिनिटं मावतात. खर्च परवडावा म्हणून दोन बँड एक-एक बाजू वाटून घ्यायचे. डेन्व्हरचा क्रिस्टी फ्रंट ड्राइव्ह आणि कॅन्सस सिटीचा बॉइज लाइफ यांचीही १९९६ ची एक जोड-रेकॉर्ड आहे. रेकॉर्ड विकली जायची कार्यक्रमाच्या दाराशी मांडलेल्या टेबलावर किंवा टपालाने. तिच्याबद्दल लिहून यायचं ते झेरॉक्स काढून वाटलेल्या अनियतकालिकांत. पॉलिव्हिनिल ही पुढे नावारूपाला आलेली कंपनीसुद्धा इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावातलं असंच एक अनियतकालिक होती. थोडक्यात, पदवी हातात पडेपर्यंत टिकेल एवढीच ही व्यवस्था.

अमेरिकन फुटबॉलच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरलं. माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लामोस हे तिघे इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन शाखेचे विद्यार्थी. किन्सेला कॅपन जॅझमध्ये ड्रम वाजवायचा. इथे त्याने गिटार घेतली आणि गायला लागला. गिटारच्या तारा नेहमीसारख्या न लावता फा-ला-दो-सोल-दो-मी या पाश्चात्त्य स्वरांत लावल्या की मोकळ्या तारांतूनच एक हळवा, अर्धवट सुटलेला स्वरमेळ निघतो. ‘नेव्हर मेंट’ या पहिल्याच गाण्यात तो ऐकू येतो. त्यात जाझच्या अंगाचे, मोजताना बोटं चुकवणारे ताल. लामोस ड्रम वाजवायचा, आणि ट्रम्पेटही. काही गाण्यांत शब्दच नाहीत. पंकमधून आलेल्या संगीताने इतक्या शांतपणे बोलावं, याचं मला आजही नवल वाटतं. मुखपृष्ठावर अर्बानामधलं एक साधं घर आहे, रात्रीचं, वरच्या खिडकीत दिवा. रेकॉर्डिंग उरकलं, शिक्षण संपलं आणि बँडही संपला. लामोस पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाला.

इंटरनेटवरून गाण्यांच्या फाइल एकमेकांना देण्याची नॅपस्टर ही सेवा सुरू झाली तीही १९९९ मध्येच. ज्या रेकॉर्डसाठी आधी कुणाच्या तरी पत्त्यावर पैसे पाठवावे लागत, तिची फाइल आता फुकट फिरू लागली. पुढच्या दहा-बारा वर्षांत सात इंची रेकॉर्डवरून, अगदी खरखरीसकट उतरवलेली गाणी अशा मुलांपर्यंत गेली, जी १९९९ मध्ये बोलायलाही शिकली नव्हती. मिनरल आणि अमेरिकन फुटबॉल दोघेही २०१४ मध्ये पुन्हा मंचावर आले, ते या नव्या श्रोत्यांच्या मागणीमुळे. मुखपृष्ठावरचं ते घर पाडलं जाऊ नये म्हणून २०२३ मध्ये बँड, पॉलिव्हिनिल आणि आणखी काही जणांनी मिळून विकतच घेतलं.

पण मला त्याहून बोलकं वाटतं ते आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या एव्हरीवन आस्क्ड अबाउट यू या बँडचं उदाहरण. एक पुरुषी, एक बायकी आवाज, कधी आळीपाळीने तर कधी एकमेकांवर चढून गाणारे. १९९९ मध्ये एक अल्बम, सोबत काही छोट्या रेकॉर्ड, आणि २००० मध्ये कारभार आटोपला. त्यांची गाणी शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या रेकॉर्ड कंपनीने नीट जमवून पुन्हा काढली ती २०२३ मध्ये. बँड जितकी वर्षं चालला, त्याच्या कितीतरी पट वर्षं त्या गाण्यांनी बँडशिवाय काढली होती.