टोटल = ० ही ओळ आली कुठून?

ठाण्यात नौपाड्याच्या एका प्रोग्रामिंग क्लासमध्ये परवा एका मुलीच्या स्क्रीनवर ४२, १८ आणि ६५ यांची बेरीज ६५ आली. 'टोटल = ०' ही ओळ तिने लूपच्या, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या, आत लिहिली होती. दर फेरीला गल्ला रिकामा, मग शेवटचाच आकडा उरणार! ओळ लूपच्या वर नेली आणि १२५ आले.

ही ओळ संगणकापेक्षा जुनी आहे. हँडल फिरवायच्या हिशोबयंत्रांत बेरीज साठत जायची आणि नव्या हिशोबाआधी ती शून्यावर आणावी लागायची. साठवणाऱ्या त्या भागाचं अ‍ॅक्युम्युलेटर हे नाव पुढे संगणकातही टिकलं.

खरी कसरत होती यादीत पुढे सरकण्याची. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये सुरू झाला, तेव्हा 'मेमरीच्या अमुक घरातला आकडा मिळव' या आज्ञेतला घरनंबर वाढवायची वेगळी सोयच नव्हती. त्यामुळे चालता चालता प्रोग्राम स्वतःचीच आज्ञा बदलायचा. पोस्टमनने दर दाराशी थांबून हातातल्या पत्त्यावर खाडाखोड करावी, तसं. एक चूक झाली की आज्ञाच बिघडायची, आणि पुढच्या वेळी चालवायची तर पहिला नंबर पुन्हा लिहून ठेवायला हवा. त्याच सुमारास मँचेस्टरच्या यंत्रात इंडेक्स रजिस्टर, म्हणजे घरनंबरात मिळवायचा आकडा वेगळा ठेवणारी जागा, आलं आणि ही खाडाखोड वाचली.

लूप सुरू करणारा 'फॉर' हा शब्द त्यानंतरचा. स्वित्झर्लंडच्या हाइन्झ रुटिसहाउझरने आपल्या प्रोग्रामिंग भाषेत जर्मन 'फ्यूर' वापरला. १९५८ च्या अल्गोल भाषेत तो 'फॉर' झाला. दरम्यान १९५७ मध्ये आयबीएमच्या फोरट्रान भाषेने त्याच कामासाठी 'डू' आणला होता. मुलं लूपमध्ये फेऱ्या मोजायला सवयीने 'आय' हे अक्षर लिहितात. गणितात तो होताच, पण फोरट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक धरली जात, त्यामुळे तो आणखी पक्का झाला.

पायथॉन भाषा १९९१ मध्ये आली. तिच्या 'फॉर'ला घरनंबर लागतच नाही, यादीतला एकेक आकडा थेट हातात येतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या एबीसी भाषेकडून आलेली ही रीत नवशिक्यांना फार सोपी जाते, पण तिच्यामुळेच 'टोटल = ०' मुलांना उगाच लिहिलेली ओळ वाटते, असं माझं मत.

"सर, 'सम' आहे ना, मग हे कशाला?" हा प्रश्न दर बॅचला येतो. यादीची बेरीज एका झटक्यात करणारं 'सम' पायथॉनमध्ये २००३ मध्ये आलं. मी त्यांना रिकामी यादी देऊन ते चालवायला सांगतो. उत्तर येतं ०. तेच शून्य, आता 'सम'च्या पोटात.