अकालप्रसूतीनंतरची मातृमनोवस्था

गर्भारपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी बाळंत झालेल्या स्त्रीची भावनिक अवस्था. ठाणे-नवी मुंबईकडे अशा बाळाला ‘कमी दिवसांचं’ किंवा ‘सातमाशी’ म्हणतात आणि ते ‘पेटीत’ (इन्क्युबेटरमध्ये) असते. आईला घरी सोडतात, बाळ अतिदक्षता कक्षात राहते, बारसे लांबते.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ या समजुतीचे मूळ अनिश्चित आहे. आठव्या महिन्यात ओज (आयुर्वेदानुसार शरीराचे जीवनसार) माता व गर्भ यांच्यात वारंवार ये-जा करते, म्हणून गर्भिणी घटकेत प्रसन्न, घटकेत म्लान होते आणि तेव्हाचा जन्म धोक्याचा ठरतो, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. संहितेचे आजचे रूप सामान्यतः इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले मानतात. गाभा त्याहून जुना असावा. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावावरील ग्रंथसमूहातही आठमाशी मुलाची अशीच चर्चा असल्याने उसनवारीची शंका निघते. परंतु चरकाचे विवेचन ओजकल्पनेत इतके मुरलेले आहे की स्वतंत्र उगम अधिक संभवनीय वाटतो. वैद्यकदृष्ट्या समजूत चुकीची आहे : पोटातले दिवस जितके जास्त, तितकी जगण्याची शक्यता जास्त. तरी भेटीला आलेल्या बाईच्या तोंडून ती निघतेच, आणि ३४ आठवड्यांच्या, बऱ्या प्रकृतीच्या बाळाची आई नाहक धास्तावते.

कॅप्लन व मेसन या अमेरिकी संशोधकांनी १९६० मध्ये अशा मातेपुढची चार मानसिक कार्ये मांडली : बाळ दगावेल या भीतीने आधीच शोक करणे, दिवस पूर्ण न भरल्याचे शल्य मान्य करणे, तुटलेले नाते पुन्हा जोडणे आणि या बाळाच्या वेगळ्या गरजा समजून घेणे. हा क्रम काटेकोर मानू नये. वजन घटले किंवा श्वास थांबला की आई पुन्हा पहिल्या पायरीवर येते. मॉनिटरच्या आवाजाची दचक घरी आल्यावरही राहू शकते.

अपराधभाव दुधाभोवती साठतो. पहिल्या सहा तासांत सुरुवात करून २४ तासांत आठ-दहा वेळा, रात्रीही, हाताने किंवा पंपाने दूध काढावे लागते. आरंभी थेंबच निघतात; ते अपयश नव्हे. ताणामुळे ऑक्सिटोसिन (दूध उतरवणारे संप्रेरक) दबते आणि दूध असूनही उतरत नाही. बाळाचा फोटो किंवा अंगाचे कापड जवळ ठेवल्यास मदत होते. ठाण्याहून वाशीला दूध न्यायचे तर निर्जंतुक डब्यावर नाव व वेळ लिहून बर्फाच्या पेटीतून नेतात. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत ओल्या टाक्यांनी आईने रोज जाणे कठीण, म्हणून डबा बहुधा बाप पोचवतो आणि बाळ आईआधी त्याच्या ओळखीचे होते. तिला ते बोचते, पण ती बोलत नाही.

कांगारू पद्धतीत बाळाला उघड्या छातीवर उभे, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडून ठेवतात. एका खेपेस निदान तासभर. नळ्या हलतील या भीतीने आई आधी अंग आखडते, म्हणून पहिल्या खेपेस परिचारिका शेजारी हवी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीचे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकल्यास प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी एडिनबरो प्रश्नावली (१९८७, १० प्रश्न, कमाल ३० गुण) भरून घेतात. १३ किंवा अधिक गुण असल्यास तपासणी आवश्यक. स्वतःला इजा करण्याविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला होकार आल्यास एकूण गुण न पाहता लगेच.

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ च्या कलम १० नुसार अकालप्रसूतीतून उद्भवलेल्या आजारपणासाठी कमाल एक महिन्याची जादा पगारी रजा मिळत असे; नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे.