नखे पिवळी पडणे

हाताच्या बोटांची नखे पिवळट, केशरट किंवा तपकिरी दिसू लागणे. रंग नखावर बसला आहे की आतून आला आहे, हे आधी ठरवावे लागते. घरगुती उपाय पहिल्या प्रकारालाच लागू पडतात. बडोद्याच्या (वडोदरा) मराठी घरांत हळद हेच याचे सर्वांत नेहमीचे कारण असल्याने येथे तिचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

संज्ञा : पिवळ्या नखांना सरसकट ‘कुनख’ म्हणण्याची प्रथा काही वैद्यकीय लेखनात दिसते. ती मूळ ग्रंथांशी जुळत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये (किरकोळ रोगांच्या वर्गात) कुनखाचे वर्णन आहे. आघाताने बिघडलेले, रूक्ष, खरखरीत आणि ‘असित’, म्हणजे काळे नख, असे ते आहे. ‘कुलीन’ हे त्याचेच दुसरे नाव. दारात बोट चेमटल्यावर नखाखाली रक्त साकळून नख काळे पडते, त्याच्याशी हे वर्णन अधिक जुळते. मनुस्मृतीत सोने चोरणाऱ्याच्या वाट्याला येणारे ‘कौनख्य’ सांगितले आहे, पण तेथे रंगाचा उल्लेखच नाही. पिवळ्या नखाचा निःसंदिग्ध निर्देश चरकसंहितेत कामलेच्या (काविळीच्या) लक्षणांत सापडतो. रुग्णाचे डोळे, त्वचा, नखे व चेहरा हळदीसारखे होतात, असे सांगताना तेथे ‘हारिद्र’ हा शब्द वापरला आहे. त्यामुळे संस्कृत पर्याय द्यायचाच तर ‘हारिद्रनख’ हा कुनखापेक्षा बरा. बोलीत अर्थातच ‘नखं पिवळी झालीत’ एवढेच म्हणतात.

डागाची परीक्षा : नखपट्ट, म्हणजे नखाचा वरचा कठीण भाग, मृत केराटिनाचा (केस-नखांतील प्रथिनाचा), थरांचा आणि काहीसा सच्छिद्र असतो. म्हणून रंग त्यात थोडा मुरतो, पण सहसा वरच्या थरापुरताच राहतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिमी. वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे होण्यास सुमारे सहा महिने लागतात. या वाढीवरूनच डागाचे मूळ ओळखता येते. बाहेरून लागलेला रंग पुढे सरकताना त्याची मागची कड नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या कडेशी समांतर राहते. आतून आलेल्या रंगाची कड मात्र नखमुळाजवळच्या पांढऱ्या अर्धचंद्राच्या वळणाची असते. दुसरी कसोटी खरवडण्याची. काचेच्या तुकड्याने किंवा कानसीने वरचा थर हलकेच खरवडल्यावर खाली स्वच्छ नख दिसले, तर डाग बाहेरचा.

हळद : वाळक्या हळदीच्या चिमटीने नख फारसे रंगत नाही, रंगते ते ओल्या हळदीने. हिवाळ्यात खंडेराव मार्केटात ओल्या हळदीचे आणि आंबेहळदीचे ढीग लागतात. गुजराती शेजाराकडून आलेली ‘लीली हळदर’ची तुपातली भाजी आणि लिंबू-मीठ लावलेले काप आता तेथील मराठी स्वयंपाकातही रुळले आहेत. हळदीची साले काढून ती किसणीवर किसताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट सारखे रसात भिजते. संध्याकाळपर्यंत पंजा बऱ्यापैकी धुऊन निघालेला असतो, पण नखाच्या दोन्ही कडांच्या खाचेत आणि पुढच्या मोकळ्या टोकाखाली केशरी रेघ तशीच उरते. लग्नातल्या हळदीने पिवळी झालेली नवरीची नखे मात्र कोणी डाग म्हणून घासत बसत नाही.

हा रंग कुर्क्युमिन या द्रव्याचा. फोगेल आणि पेल्तिए यांनी १८१५ मध्ये ते हळदीतून वेगळे केले. त्याची संरचना १९१० मध्ये मांडली गेली. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन आणि काही प्रमाणात तेल-तुपात विरघळते. नुसत्या पाण्याने हात चोळून काही साधत नाही, याचे कारण हेच. उदासीन व आम्लधर्मी द्रावणात त्याचा रंग पिवळा, तर अल्कधर्मी द्रावणात तांबूस-तपकिरी असतो. हळदीचे हात साबणाला लागताच नखे लालसर होतात आणि खळखळून धुतल्यावर पुन्हा पिवळी दिसतात, ती यामुळे. खायचा सोडा लावल्यावरही तांबूस छटा येते, मग घाबरून लिंबू पिळले जाते आणि मूळचा पिवळा परत येतो. डाग गेला असे वाटण्यात आणि परत आला असे वाटण्यात येथे पुष्कळदा नुसता रंगबदलच असतो.

कुंकवाचा लाल रंगही याच गुणधर्माने येतो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पण ते अर्धेच खरे आहे. हळदीत चुना कालवून केलेले कुंकू या स्पष्टीकरणात बसते. मात्र पारंपरिक कृतीत हळकुंडांना लिंबाचा रस आणि सवागी (टाकणखार, बोरॅक्स) यांचे पूट देतात, म्हणजे त्यांत ती पुन्हा पुन्हा भिजवून वाळवतात. लिंबाच्या आम्लात अल्कलीचा लाल रंग टिकणे अवघड. सवागीतल्या बोरॉनाशी कुर्क्युमिनाचे लाल संयुग आम्लधर्मी स्थितीतच तयार होते, आणि प्रयोगशाळेत बोरॉन ओळखण्यासाठी हळदीचा कागद वापरतात तो याच अभिक्रियेवर. त्यामुळे या कृतीपुरते बोरॉनाचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. साधी परीक्षा अशी : चुन्याच्या कुंकवावर लिंबू पिळल्यास ते पिवळे पडते.

रंगाऱ्यांच्या दृष्टीने हळद हा कच्चा रंग, कारण तो उन्हात उडतो. बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणसंस्थेत रंगाईचे रसायनशास्त्र शिकवले जाई. त्याचे संस्थापक त्रिभुवनदास गज्जर यांचे नाव एका डागाशी कायमचे जोडले गेले आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये फासलेले डांबर त्यांनी काढून दिले होते. कापडावर रंगाऱ्याला नको असलेला कच्चेपणा नखावर उपयोगी पडतो, आणि हळदीवरचा सर्वांत बिनखर्ची उपाय, म्हणजे ऊन, त्यातूनच निघतो.

उपाय : प्रथम खोबरेल किंवा कोणतेही खायचे तेल नखांना आणि कडांना चोळून दोन-चार मिनिटांनी कापसाने पुसावे. कापूस पिवळा निघतो. मग साबण व मऊ ब्रश वापरून नखाच्या टोकाखालचा भाग धुवावा. उरलेली छटा उन्हात हात मोकळे ठेवल्याने आणि रोजच्या कामात बहुधा काही दिवसांत फिकी होते. लिंबाची फोड चोळण्याचा उपाय घरोघर सांगतात. मळ सुटायला त्याची मदत होते. पण रस लावून उन्हात बसणे टाळावे. लिंबाच्या सालीत व रसात असलेल्या फ्युरोकुमरिन या द्रव्यांमुळे त्वचेवर उन्हाने फोड येऊन काळपट डाग पडू शकतात, आणि ते नखाच्या डागापेक्षा जास्त काळ टिकतात. औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड खायच्या सोड्यात कालवून दोन-तीन मिनिटे लावल्यास बाहेरचा डाग फिका होतो. लगेच धुऊन तेल लावावे, कडेची कातडी सोललेली असल्यास लावूच नये. कपड्यांचे ब्लीच नखांसाठी नाही. कानसीने वरचेवर घासल्यास नख पातळ होऊन सोलवटते, आणि पातळ नख पुढच्या वेळी रंग अधिक पिते. ‘पी हळद नि हो गोरी’ येथेही चालत नाही. मुरलेला डाग नखाबरोबर पुढे सरकत कापला जातो.

प्रतिबंध त्याहून सोपा. किसायला बसण्यापूर्वी बोटांना तेल लावणे ही जुनी रीत रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. तेलामुळे नखाची छिद्रे भरतात आणि रंग तेलातच अडकतो. पातळ हातमोजे अधिक खात्रीचे, पण किसणीवर ते फाटतात.

इतर डाग : मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनाशी रासायनिक बंध करते, म्हणून मेंदीचे नख धुऊन स्वच्छ होत नाही, ते वाढून जाऊ द्यावे. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांच्या नखांचा तपकिरी-पिवळा रंग धुरातील डांबराचा. व्यसन सुटल्यावर मुळाकडून स्वच्छ नख येऊ लागते आणि जुन्या-नव्यामधली रेघ ठळक दिसते. नवरात्रात गरब्याच्या नऊ रात्री आणि पुढे दिवाळीपर्यंत गडद लाल नेलपॉलिश न उतरवता ठेवल्यास खालचे नख पिवळे निघते. आधी रंगहीन बेसकोटचा थर देणे आणि मधून काही दिवस नखे कोरी ठेवणे पुरते. अ‍ॅसिटोनयुक्त रिमूव्हर वारंवार वापरल्यास नखे कोरडी पडतात.

आतून आलेला पिवळेपणा : नख जाड, भुसभुशीत व नखशय्येपासून (नखाखालच्या त्वचेपासून) सुटलेले असल्यास बुरशीचा संसर्ग संभवतो. त्याचे निदान खरवडीची पोटॅशियम हायड्रॉक्साइडात तपासणी करून करतात. लिंबू-सोड्याने तो जात नाही. सोरायसिस या त्वचारोगात नखाखाली तेलाच्या थेंबासारखा डाग दिसतो. काविळीत डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा असतो. विरळा आढळणाऱ्या पीतनख लक्षणसमूहाचे वर्णन सॅमन व व्हाइट यांनी १९६४ मध्ये केले. त्यात नखे जाड व पिवळी होतात, त्यांची वाढ अत्यंत मंदावते, आणि जोडीला पायांवर सूज किंवा श्वसनाचे विकार असतात. त्याचे कारण लसीकावाहिन्यांतील (शरीरातील लसीका हा द्रव वाहणाऱ्या नलिकांतील) दोष, असे बहुतेक मानतात. २०११ मध्ये टायटॅनियम या धातूशी संबंध सुचवला गेला; तो सर्वमान्य झालेला नाही. सर्वच नखे एकदम पिवळी झाली आणि वाढायची थांबली, तर हळदीचा संशय सोडून डॉक्टरांकडे जावे.