पार्श्वभूमी: डब्यावरच्या चकाकीचा वाद

पावसाळा सरला, रंगकामं पुन्हा सुरू झाली, की कोल्हापुरातल्या रेल्वे मॉडेलवाल्यांत एक वाद हमखास निघतो. डब्यावर शेवटचा हात ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा, मॅटचा (बिनचमक) की सॅटिनचा (अर्धवट चमक)?

जुना भाग थोडक्यात. १८९१ साली संस्थानच्या पुढाकाराने मिरजेहून इथवर गाडी आली. त्याच वर्षी एका जर्मन खेळणीवाल्याने ठरावीक गेजच्या (रुळांमधल्या अंतराच्या) मॉडेल गाड्या बाजारात मांडल्या. ते डबे पत्र्याचे होते, रंग हाताने दिलेला, पुढे थेट पत्र्यावर छापलेला. वेगळ्या वार्निशचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक आलं, सोबत एनॅमल रंगाच्या डब्या आणि ब्रश. १९७१ मध्ये इथे ब्रॉडगेज झालं तरी बहुतेक डबे विटकरीच राहिले, आणि एकरंगी डब्याला ब्रश पुरायचा.

पंचाईत झाली नव्वदच्या दशकात. एअर ब्रेकच्या डब्यांना गडद निळा रंग आला आणि खिडक्यांच्या ओळीला फिकट निळा पट्टा. १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्शाने, आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या बांधणीचा) डबा साधारण २४५ मिलिमीटर भरतो. एवढ्या लांबीवर ब्रशने सरळ कड काढणारा हात विरळाच. म्हणून फवारणी. आधी फिकट निळा. वाळला की पट्ट्यावर मास्किंग टेप. टेपच्या कडेवर फिकट निळ्याचाच एक पातळ हात, म्हणजे कडेखाली शिरलाच तर तोच रंग शिरतो. मग गडद निळा. टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत, उलटी दुमडून ओढायची.

एअरब्रश, म्हणजे रंग फवारायची बारीक पिचकारी, तेव्हा महाग, पण उद्यमनगरात गाड्या रंगवणारे हाकेच्या अंतरावर. साहजिकच अनेकांनी ड्युको, म्हणजे मोटारींचा झटपट वाळणारा रंग, धरला. त्याचं थिनर मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे स्टायरीन, चक्क विरघळवतं, त्यामुळे पहिले हात अगदी कोरडे, धुक्यासारखे मारावे लागतात. दमट हवेत आणखी एक खोड: थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि गडद निळ्यावर पांढुरका पडदा चढतो. गॅरेजवाले रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) घालून वेळ मारून नेतात. मॉडेलवाले ऑक्टोबरची वाट बघतात, ते बरं. पण घासून पॉलिश केलेला ड्युको आरशासारखा चमकतो. कोल्हापुरी डब्यांना चकाकीची सवय लागली ती इथूनच.

पुढे पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक आणि ०.३ मिलिमीटर नोझलचे स्वस्त एअरब्रश आले, आणि त्यांच्यामागून मॅटवाले. त्यांचं म्हणणं असं: १:८७ चा डबा फूटभरावरून पाहणं म्हणजे खरा डबा ८७ फुटांवरून पाहणं. तेवढ्या अंतरावर चमक मावळते, रंगही फिकटतो. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा मिसळा आणि वर मॅट मारा. हिशेब चोख आहे. पण ओव्हरहॉल होऊन आलेला डबा धुऊन फलाटाला लागतो तेव्हा त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं, हे कुणीही स्टेशनवर जाऊन बघावं. सरसकट मॅट मारलेला डबा खराही दिसत नाही आणि जुनाही दिसत नाही, नुसता खडूने पुसल्यासारखा दिसतो.

ग्लॉस तसाही टाळता येत नाही. डीकॅल, म्हणजे अक्षरं-आकडे छापलेली पातळ पारदर्शक चिकटपट्टी, खरबरीत मॅटवर बसवलं की खाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी कड दिसते. म्हणून ग्लॉस, त्यावर डीकॅल, आणि वरून सॅटिन, हा क्रम बऱ्याच जणांनी स्वीकारलाय. छतावर मात्र मॅट आणि खाली बोगीवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर, पावडरची धूळ, याला ग्लॉसवालेही हरकत घेत नाहीत.

एलएचबी, म्हणजे जर्मन बनावटीच्या नव्या डब्यांच्या लाल-करड्या रंगाने आणि २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाल्याने आता भांडण डीकॅलकडे सरकलंय. घरच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे पांढरी अक्षरं बाहेरून छापून आणावी लागतात. डबा क्रमांकाचे पहिले दोन आकडे बांधणीच्या वर्षाचे असतात. लाल-करड्या एलएचबीवर ९२ ने सुरू होणारा क्रमांक चिकटवला, तर वार्निश कुठलंही असो, जाणकार तिथेच बोट ठेवतो.